खुर्ची आणि पाळणा

जळगांवच्या एका घरीं, दिवाणखान्यांतील भिंतीला लागून, एक रिकामी खुर्ची मांडली होती. तिच्यावर स्वच्छ पांढरें वस्त्र अंथरलें होतें. आणि घर पाहुण्यांनीं भरून गेलें असतांहि तिच्यावर कोणी बसत नव्हतें. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ उशिरां आले. बसावयास जागा नाहीं असें पाहून ते सहजच त्या खुर्चीकडे वळले, तेव्हां यजमानांनीं त्यांचा हात धरून त्यांना आपल्या स्वतःच्या जागेवर बसविलें आणि म्हटलें, "अण्णा, ती खुर्ची एका पाहुण्यांसाठीं राखली आहे. ते दिसत नाहींत, पण येतात."

यजमान आमचे जुने सहकारी. वयानें ते आमच्याहून वडील. धुळ्यास महाविद्यालयांत कित्येक वर्षें त्यांनीं व आम्हीं शेजारशेजारच्या वर्गांत शिकविलें. निवृत्त झाल्यावर ते जळगांवीं मुलाकडे राहावयास गेले. ते बेने इस्रायल, म्हणजे मुळच्या कोंकणांतील मराठी ज्यू घराण्यांतले. त्यांचा नातू आठ दिवसांचा झाला होता. त्या सकाळीं त्याची सुंता व्हावयाची होती आणि त्याच वेळीं त्याचें नांव ठेवलें जावयाचें होतें. हें काम जाणणारे एक गृहस्थ ठाण्याहून रात्रीच्या गाडीनें आले होते. आम्ही धुळ्याहून गेलों होतों.

समारंभ आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, आमचे स्नेही किंचित् खिन्न दिसले. आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, "मुंबईस असतों तर हें आमच्या मशिदींत झालें असतें. येथें आमच्या जमातीचे दहा पुरुषसुद्धां जमले नाहींत. घरींच उरकलें, कांहीं तरी उणें राहिल्यासारखें वाटतें." आम्हीं त्या वेळीं चार समाधानाचे शब्द बोललों, ते केवळ शिष्टाचाराचे होते. परंतु पुढें तो प्रश्न मनांत घोळत राहिला, आणि बेने इस्रायलांच्या इतिहासाकडे त्या दृष्टीनें पाहूं लागल्यावर आमची अशी खात्री झाली कीं, आमच्या स्नेह्यांची खंत निराधार होती. त्यांना त्या दिवशीं जें उत्तर द्यावयास हवें होतें तें येथें देत आहों.

'सुंता' हा शब्द ऐकतांच आपल्याकडील पांढरपेशा वाचकाच्या डोळ्यांपुढें मुसलमान शेजाऱ्याचें घर उभें राहतें. तें साहजिक आहे. परंतु दोहोंचें मूळ एकाच पुराणपुरुषापाशीं जातें. ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या पहिल्याच पुस्तकांत अशी कथा आहे कीं, ईश्वरानें अब्राहामाशीं करार केला व त्याची खूण देहावर धारण करावयास सांगितली. त्या वेळीं अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा होता आणि त्याचा पुत्र इश्माएल तेरा वर्षांचा. पुढें इसहाक जन्मला तेव्हां त्याची सुंता आठव्या दिवशीं झाली. मुसलमानांत या संस्काराला असा एकच ठराविक दिवस नाहीं. ज्यूंमध्यें मात्र आठवा दिवस हा जणूं संस्काराचा प्राणच होय. जन्माचा दिवस हिशेबांत धरावयाचा आणि दिवसाचा आरंभ सूर्यास्तापासून मानावयाचा. म्हणून सोमवारीं दुपारीं जन्मलेल्या मुलाची सुंता पुढच्या सोमवारीं होते. तेंच मूल सोमवारीं दिवेलागणीनंतर जन्मलें असेल तर मंगळवारीं. आठवा दिवस शनिवारीं आला, ज्या दिवशीं चूलसुद्धां पेटवावयाची नाहीं त्या दिवशीं आला, तरी हा विधि टळत नाहीं. वर्षांतील सर्वांत कडक उपवासाच्या दिवशींहि टळत नाहीं. आपण मुहूर्तासाठीं दिवस पुढेंमागें करतों. येथें दिवस हाच मुहूर्त. मुख्य अपवाद हा: मूल अशक्त किंवा आजारी असेल तर तें पूर्ण बरें होईपर्यंत थांबलेंच पाहिजे. नियम कितीहि कडक असला तरी जीव त्याच्याहून मोठा, हें त्या शास्त्रानें स्वतःच सांगून ठेविलें आहे.

आतां या विधीला काय काय लागतें तें पाहावें. मूल लागतें. मुलाचा बाप लागतो, कारण हें कर्तव्य मुळांत बापाचें. स्वतःला येत नसेल तर त्यानें जाणत्या माणसाची योजना करावयाची. त्या जाणत्याला मोहेल म्हणतात. दहा पुरुष जमले तर उत्तम. परंतु जमले नाहींत म्हणून संस्कार अडत नाहीं. देऊळ लागत नाहीं. पुरोहित लागत नाहीं. वेदी, होम, मूर्ति यांपैकीं कांहींच लागत नाहीं. ज्या संस्कारावर एका संपूर्ण जमातीचें अस्तित्व टिकावयाचें, तो शास्त्रकारांनीं इतका सुटसुटीत ठेवला कीं, माणूस कोठेंहि फेंकला गेला तरी तो आपल्या घराच्या चार भिंतींत त्याला पार पाडतां यावा. आणि बेने इस्रायलांवर नेमका तसाच प्रसंग आला होता.

त्यांची परंपरागत कथा प्रसिद्ध आहे. फार प्राचीन काळीं, अलिबागेच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्याजवळ, त्यांच्या पूर्वजांचें तारूं फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बाकीच्यांचीं प्रेतें नवगांवास पुरलीं. तेथील स्मशानभूमींत आज स्मारकस्तंभ उभा आहे. जमातीचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहीमकर यांनीं हा काळ ख्रिस्तापूर्वीं सुमारें पावणेदोनशें वर्षांचा मानला; इतर संशोधक तो बराच अलीकडे आणतात. तारखेचा निकाल लागण्यासारखा लेखी पुरावा नाहीं, आणि आमच्या विषयाला त्याची गरजहि नाहीं. एवढें निश्चित कीं, हे लोक कोंकणांत अनेक शतकें राहिले, गांवोगांव विखुरले, आणि त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता. किहीमचे ते केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चेऊलचे चेऊलकर, अशीं शंभराहून अधिक गांवांचीं नांवें त्यांच्या आडनांवांत आजहि नांदत आहेत.

धंदा तेल गाळण्याचा. जळगांव व धुळें येथील वाचकाला हें निराळें समजावून सांगावयास नको. शेंग, तीळ व सरकी यांवर ज्या प्रांताचा व्यापार चालला, जेथें घाणीचा कुरकुर आवाज कालपरवांपर्यंत गल्लोगल्लीं ऐकूं येई, तेथें तेल्याचा घाणा एक दिवस बंद राहणें म्हणजे काय हें सर्वांस कळतें. कोंकणांतील हे तेली शनिवारीं घाणा जुंपीत नसत. म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना 'शनवार तेली' असें नांव दिलें. त्या नांवांत तिरस्कार नव्हता, पण मोठा मानहि नव्हता. गांवाच्या उतरंडींत तेल्याची जी पायरी ती त्यांची. बोलणें मराठी, वेष मराठी, बायकांच्या अंगावर लुगडें. बाहेरून पाहणाराला शनिवारखेरीज त्यांच्यांत वेगळें असें कांहींच दिसलें नसतें.

घराच्या आंत मात्र वेगळें होतें. दावीद रहाबी नांवाचा एक परदेशी ज्यू कोंकणांत आला आणि त्यानें या लोकांना ओळखिलें, अशी दुसरी कथा आहे. तो कोणत्या शतकांत आला याविषयींहि मतभेद आहेत; कोणी त्याला हजार वर्षें मागें नेतात, कोणी अठराव्या शतकांत आणतात. त्यानें बायकांपुढें निरनिराळे मासे ठेवून ते शिजवावयास सांगितले, तेव्हां त्यांनीं पर व खवले असलेले मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. हा ज्यूंच्या आहारशास्त्राचा नियम. तो त्यांनीं वाचलेला नव्हता, आईजवळून शिकलेला होता. याशिवाय त्याला चार गोष्टी आढळल्या: शनिवारची विश्रांति, कांहीं सण व उपवास, 'शमा इस्रायल' या आरंभाची, ईश्वराच्या एकत्वाची हिब्रू प्रार्थना, आणि आठव्या दिवशींची सुंता. पोथी गेली, भाषा गेली, दिशाहि विसरली. पण इतकें राहिलें.

हें जें राहिलें त्याचें स्थान कोणतें, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवितों. मासे निवडले जातात ते स्वयंपाकघरांत. शनिवार पाळला जातो तो अंगणांत आणि घाण्यावर. प्रार्थना म्हटली जाते ती देवळीपाशीं किंवा बिछान्यावर. सुंता होते ती ओटीवर किंवा माजघरांत. देवालयावर जें जें अवलंबून होतें तें तें नाहींसें झालें. घरावर जें जें अवलंबून होतें तें तें टिकलें. रहाबीनें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तीन पुरुषांना शिकवून तयार केलें, असें परंपरा सांगते. त्यांना काजी म्हणत. हे काजी गांवोगांव फिरून लग्नें लावीत व सुंता करीत. म्हणजे धर्म जाणणारा घरीं यावयाचा. घरानें उठून धर्माकडे जावयाचें नव्हतें. ठाण्याहून रात्रीच्या गाडीनें जळगांवीं उतरलेले ते गृहस्थ आम्हांला त्या काजींच्याच वाटेवरचे दिसतात. बैलगाडीच्या जागीं आगगाडी आली एवढाच फरक.

बेने इस्रायलांचें पहिलें प्रार्थनामंदिर मुंबईंत झालें तें इ. स. १७९६ मध्यें. तें बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजांच्या मुंबई पलटणींतले देशी अंमलदार होते. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईंत ते टिपूच्या हातीं सांपडले. कैद्यांची जात विचारतां त्यांनीं 'बेने इस्रायल' असें सांगितलें, आणि कुराणांत त्या लोकांचा उल्लेख आहे हें जाणून टिपूच्या आईनें रदबदली केली, अशी आख्यायिका जमातींत सांगतात. सुटलों तर ईश्वराचें मंदिर बांधीन, असा त्यांनीं नवस केला होता. तो त्यांनीं फेडला. मंदिराचें नांव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणूं लागले, आणि मुंबईच्या मशीद बंदर या स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. मागाहून कोंकणांत ठिकठिकाणीं मंदिरें झालीं: रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाण्याचें १८७९ मध्यें.

या तारखांवरून निघणारें अनुमान सरळ आहे. १७९६ पूर्वीं जन्मलेल्या प्रत्येक बेने इस्रायल पुरुषाची सुंता, तो या देशांत जन्मला असेल तर, कोणा ना कोणाच्या घरींच झालेली असली पाहिजे. खुद्द सामाजींचीहि. मंदिरांतला समारंभ हा सव्वादोनशें वर्षांचा. घरांतला किती शतकांचा हें मोजावयास आपल्याजवळ साधन नाहीं. तेव्हां जळगांवच्या दिवाणखान्यांत जें झालें तें मंदिराच्या अभावीं केलेली तडजोड नव्हे. तीच जुनी रीत आहे, आणि मंदिर हें तिला मागाहून लाभलेलें वैभव आहे.

एकोणिसाव्या शतकानें या जमातीला पोथी परत दिली. या कार्यांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचाहि हात होता हें मान्य केलें पाहिजे, डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें बेने इस्रायलांसाठीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. त्यांचा हेतु धर्मांतराचा होता. शिष्यांनीं व्याकरण घेतलें आणि धर्म आपला ठेवला. पुढें जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनीं प्रार्थनेचीं हिब्रू पुस्तकें मराठींत आणलीं, आणि केहीमकरांनीं १८७५ मध्यें मुंबईस इस्रायल मुलांची शाळा काढली. त्यांचा जमातीचा इतिहास १८९७ सालीं लिहून झाला होता. छापला गेला १९३७ मध्यें, तोहि तेल अवीवला. या विद्येबरोबर नांवेंहि पालटलीं. पूर्वीं सॅम्युएलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बनाजी, रहमीमचा रहमाजी होत असे. आतां सामाजीचा नातू पुन्हां सॅम्युएल झाला. आमच्या स्नेह्यांच्या नातवाला त्या दिवशीं मोहेलानें हिब्रू नांव दिलें, शाळेच्या पटावर त्याचें इंग्रजी वळणाचें रूप जाईल, आणि आडनांव कोंकणांतल्या खेड्याचें आहेच. आठ दिवसांच्या बालकाच्या एका नांवांत यरुशलेम, मुंबई आणि अष्टागर हीं तिन्हीं मावलीं आहेत. इतिहास शिकविण्यांत आमचा जन्म गेला. इतका संक्षिप्त इतिहास आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं.

आतां त्या खुर्चीकडे वळूं. ती एलियाहू हनाबी यांची, म्हणजे एलिया प्रेषिताची. राजा अहाब याच्या काळीं लोक मूर्तिपूजेकडे वळले तेव्हां हा तेजस्वी पुरुष रानांत एकटा निघून गेला, आणि या लोकांनीं तुझा करार टाकून दिला, अशी त्यानें ईश्वराजवळ तक्रार केली. पुढच्या परंपरेनें त्याला त्या तक्रारीचें मोठें गोड प्रायश्चित्त दिलें: ज्या ज्या घरीं करार पाळला जाईल तेथें तेथें त्यानें जातीनें हजर राहून तो पाळला जात असल्याचें पाहावें. म्हणून जगांत कोठेंहि ज्यूंच्या घरीं सुंता असो, त्याची खुर्ची मांडली जाते. बाळाला तिच्यावर क्षणभर ठेवतात, मग मानाच्या आप्ताच्या मांडीवर देतात. रडव्या बाळाच्या ओठांना द्राक्षारसाचा थेंब लावतात, नांव उच्चारतात, आणि जमलेली मंडळी आशीर्वाद देते कीं, हा जसा करारांत आला तसाच विद्येंत, विवाहांत आणि सत्कर्मांत येवो. आपल्याकडे मुंजींत बटूला जो आशीर्वाद मिळतो त्याहून हा फारसा निराळा नाहीं.

कोंकणच्या ज्यूंनीं मात्र या प्रेषिताला केवळ खुर्ची दिली नाहीं, गांवहि दिलें. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं एका खडकावर कांहीं खुणा आहेत. स्वर्गीं जातांना एलियाहूचा रथ येथें टेकला, त्याच्या त्या खुणा, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. नवस बोलावयास व फेडावयास ते तेथें जातात. त्याच्या नांवानें ते 'मलिदा' करतात: भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलें खोबरें, वेलची, सुका मेवा, भोंवतीं फळें. लग्न, बाळाचा जन्म, नवें घर, टळलेलें संकट, अशा प्रत्येक मंगल प्रसंगीं हें ताट भरलें जातें व एलियाहूचें गीत म्हटलें जातें. इतर देशांतल्या ज्यूंना हा विधि ठाऊक नाहीं. जळगांवच्या घरींहि तें ताट होतें, आणि आमच्या ओंजळींत पडलेला तो प्रसाद, आपण त्याला प्रसादच म्हणूं, चवीनें कोणत्याहि मराठी घरचा होता. जेवणांत नारळाच्या दुधाचा सढळ उपयोग होता. कारण मांसाबरोबर दूध वर्ज्य, आणि त्या कडक नियमाची सोय कोंकणच्या माडानें करून ठेविली. धर्मशास्त्राची अडचण झाडानें सोडविल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

खुर्चीचें हें झालें. पाळण्याचें काय? मुलगी जन्मली तर खुर्ची मांडली जात नाहीं. तिच्या देहावर कराराची खूण नाहीं. येथें या संस्काराचें न्यून आहे आणि तें झांकण्यांत अर्थ नाहीं. मोशेच्या शास्त्राप्रमाणें मुलगा झाला तर आईची शुद्धि चाळीस दिवसांनीं, मुलगी झाली तर ऐंशी दिवसांनीं. हा हिशेबच पुरेसा बोलका आहे. परंतु कोंकणांतील बायकांनीं शेजारणीकडून पाळणा उचलला. बेने इस्रायलांच्या घरीं मुलीचें बारसें होतें; पाळणा सजतो, बायका जमतात, नांव ठेवतात, मराठीच गाणीं म्हणतात. शास्त्रानें लेकीला जें दिलें नाहीं तें लोकरीतीनें दिलें. विद्येच्या लाटेबरोबर या जमातींतहि असे सुधारक झाले कीं, हिंदूंकडून आलेल्या चाली टाकून शुद्ध ज्यू व्हावें असें त्यांना वाटलें. त्यांचा हेतु प्रामाणिक होता. पण पाळणा टाकला असता तर घरांतील निम्म्या अपत्यांचें स्वागत करावयास काय उरलें असतें, हें त्यांना घरच्या बायकांनींच विचारावयास हवें होतें. आणि पाळणा टिकला यावरून, बहुधा त्यांनीं तो प्रश्न न विचारतांच निकालांत काढला असावा.

दुसरेंहि एक न्यून सांगितलें पाहिजे. शेजाऱ्यांकडून या लोकांनीं जसा पाळणा घेतला तसा भेदहि घेतला. जमातींत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन वर्ग पडले. परजातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीला काळे म्हणत. गोरे त्यांच्याशीं बेटीव्यवहार करीत नसत आणि पंगतींतहि त्यांना दूर ठेवीत. दोघांच्याहि मुलांच्या अंगावर आठव्या दिवसाची तीच खूण होती. ती खूण ईश्वराला पुरली, पंगतीला पुरली नाहीं. विसाव्या शतकांत हा भेद मावळला ही समाधानाची गोष्ट आहे.

या खुणेनें जगांत इतरत्र काय भोगलें याची आठवण न करतां हा विषय संपविणें योग्य होणार नाहीं. ख्रिस्तापूर्वीं १६७ च्या सुमारास सिरियाचा राजा अँटायोकस यानें सुंतेला बंदी केली, आणि जुन्या इतिहासांत अशी नोंद आहे कीं, मुलांची सुंता करणाऱ्या मातांना त्यानें ठार मारविलें. विसाव्या शतकांत नाझींच्या अंमलाखालीं, खोट्या नांवानें व खोट्या कागदांवर जीव वांचवूं पाहणाऱ्या मुलांना याच खुणेनें उघडें पाडलें. आणि आपल्या बाळाला ही खूण द्यावी कीं त्याला जगूं द्यावें, असा प्रश्न युरोपांतील आईबापांपुढें उभा राहिला. जी खूण तेथें मृत्यूचा परवाना ठरली ती कोंकणांत अनेक शतकें कोणाच्या डोळ्यांत खुपली नाहीं. शेजाऱ्याला तिच्याशीं कर्तव्य नव्हतें. यावरून आपण आपली पाठ थोपटून घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्याच देशांत १९४७ च्या रक्तपातांत माणसांचीं वस्त्रें फेडून खूण शोधणारे लोक निघाले होते. आम्ही म्हणतों तें एवढेंच कीं, दोन्ही प्रकारचे शेजारी होणें आपल्या हातीं असतें, आणि त्यांपैकीं एक प्रकार महाराष्ट्रानें दीर्घकाळ पाळून दाखविला आहे.

सैन्य, आगगाडी, टपाल, दवाखाने, शाळा, कचेऱ्या यांच्या निमित्तानें बेने इस्रायल कोंकणांतून देशभर पसरले. १९४८ मध्यें इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि ओघ तिकडे वळला. १९५१ च्या शिरगणतींत भारतांत सर्व प्रकारचे मिळून सुमारें सव्वीस हजार ज्यू होते; आज ते पांच हजारांच्या आसपास आहेत. जे गेले त्यांना तेथें एक विचित्र अनुभव आला. त्यांचें ज्यूपण विवाहाच्या कामीं निःशंक आहे काय, असा प्रश्न तेथील कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं काढला. पोथी नसतांना ज्यांनीं आठवा दिवस चुकविला नाहीं त्यांना, पोथी कधींच न हरविलेल्यांनीं, तुम्ही आमचे कीं नाहीं असें विचारावें! जमातीनें मोठें आंदोलन केलें, आणि १९६४ मध्यें तेथील लोकसभेनें त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलें. महाराष्ट्र सरकारनें २०१६ मध्यें ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. दोन्हीं निर्णय योग्यच झाले. पण त्यांच्या आधींचा खरा निर्णय माजघरांत, दर पिढीला, दर मुलाच्या वेळीं, नव्यानें होत आला होता.

धुळ्यास आम्ही पुष्कळ वर्षें राहिलों, आणि तेथें राहून इतिहासाचार्य राजवाड्यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. १९२६ सालीं त्यांनीं याच गांवीं देह ठेवला. त्यांचीं दप्तरें तेथील संशोधन मंडळांत आहेत. घराघरांच्या माळ्यांवरून व कोनाड्यांतून कागद गोळा करीत हा पुरुष हिंडला. त्यांचा धडा असा कीं, इतिहास दरबारांत घडतो असें मानणाऱ्यानें एकदां घराचा माळा चढून पाहावा. आम्ही त्यांत भीतभीत एवढीच भर घालतों कीं, जेथें माळ्यावर एकहि कागद नसतो तेथेंहि इतिहास असतो. तो हातानें केला जातो आणि हातोहात पुढें दिला जातो.

आणि तेथें दहा पुरुष नव्हते काय? शास्त्राच्या हिशेबानें नव्हते. यजमान, त्यांचा मुलगा, मोहेल आणि मुंबईहून आलेले दोन आप्त, असे पांच. पण खोलींत खालच्या मजल्यावरचे पाटील होते, समोरचे गुजर शेठ होते, औषधाच्या दुकानाचे मुसलमान मालक होते, ज्यांना आपल्या घरच्या संस्काराची आठवण होऊन बाळ रडतांच सर्वांआधीं हंसूं फुटलें. उशिरां आलेले अण्णा होते आणि आम्ही होतों. या मंडळीला हिब्रूचें एक अक्षर कळत नव्हतें. तरी मोहेलानें प्रार्थना संपविली तेव्हां सर्वांच्या तोंडून एकदम जो आशीर्वाद निघाला तो मराठी होता, आणि 'शनवार तेल्यां'च्या पूर्वजांना परका वाटला नसता.

पाहुणे गेल्यावर आमच्या स्नेह्यांनीं खुर्चीवरचें वस्त्र काढून नीट घडी केली आणि ती खुर्ची उचलून जेवणाच्या मेजापाशीं, तिच्या नेहमींच्या जागीं, नेऊन ठेविली. संध्याकाळीं तिच्यावर बसून कोणी तरी चहा घेतला असेल. आमच्या मतें यांत कांहींच उणें नाहीं. जो पाहुणा इतकीं शतकें घरींच येत आला, त्याला घर सोडून दुसरीकडे शोधावयास जाण्याचें कारणच काय?